आष्टीचे रण कोण दाखवणार?

मोहोळ तालुक्यातल्या आष्टीचे नाव घेतले की लोकांना तिथला तलाव आठवतो. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात काही कमी नाहीत. एक बीड जिल्ह्यात आहे. एक वर्धा जिल्ह्यात आहे, तिथे १९४२ च्या आंदोलनात लोक हुतात्मे झाले. आपली सोलापूरची आष्टी मोहोळच्या पश्चिमेला, पंढरपूरच्या अलीकडे. तिच्या शिवारात २० फेब्रुवारी १८१८ रोजी सकाळी पेशवाईचा सेनापती पडला आणि साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले. तालुक्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे जातात, हे वाचकांनी आपापल्या घरातल्या मुलांना विचारून पाहावे.

झाले ते थोडक्यात असे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. त्यानंतर दुसरा बाजीराव इंग्रज फौजांना हुलकावण्या देत फिरत होता. छत्रपती प्रतापसिंह, त्यांची आई आणि भाऊ यांना त्याने बरोबर बाळगले होते, म्हणजे ते इंग्रजांना सापडू नयेत. फेब्रुवारीत सातारा पडले. जनरल लायोनेल स्मिथ घोडदळ घेऊन पाठलागावर निघाला आणि आष्टीजवळ त्याने पेशव्याला गाठले. पेशव्याची फौज बेसावध होती. बाजीराव निसटला. त्याला वेळ मिळावा म्हणून सेनापती बापू गोखले थोड्या स्वारांनिशी मागे उलटले आणि इंग्रजांच्या घोडदळावर जाऊन पडले. खुद्द स्मिथच्या डोक्याला तलवारीची जखम झाली. गोखले तिथेच पडले. बाकीची फौज पांगली. इंग्रजांच्या बाजूची हानी अगदी थोडी होती. पुढे ३ जूनला बाजीरावाने शरणागती पत्करली आणि तो कानपूरजवळ बिठूरला जाऊन पेन्शनीवर राहिला.

क्रमिक पुस्तकात या सगळ्याला एखादी ओळ मिळते. आणि जागेवर गेलो तर दिसते काय? काळी जमीन, ज्वारी, ऊस, बांध, बाभळी. गोखल्यांची आठवण गावाने जपलेली आहे, पण फौज कुठून आली, सेनापती कुठे उलटले, पेशवा कोणत्या दिशेने निघून गेला, हे हात करून दाखवायला कोणी नेमलेला माणूस नाही. किल्ल्याचे बरे असते. भिंत असते, बुरूज असतो, तोफ असते, मुलांना चढायला काहीतरी मिळते. उघड्या रानातल्या लढाईचे तसे नाही. ती दाखवावी लागते.

दाखवणारी माणसे नेमायची रीत अमेरिकेत चांगली रुजली आहे. तिथे जुनी रणांगणे राष्ट्रीय उद्यान म्हणून राखली जातात आणि त्यांवर रेंजर असतात. आपल्याकडे रेंजर म्हटले की वनखात्याचा खाकीतला साहेब डोळ्यांपुढे येतो, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात दिसतो तसा. तिकडच्या रणांगणावरचा रेंजरही सरकारी गणवेशातच असतो, डोक्यावर सपाट काठाची टोपी असते, पण त्याच्या कामाचा मोठा भाग बोलण्याचा. ठरलेल्या वेळी तो पाटीपाशी उभा राहतो. जमतील तेवढ्या लोकांना घेऊन रानातून चालतो. थांबतो, विचारतो, ‘तुम्ही या टेकडीवर असता तर समोरचा ओढा दिसला असता का?’ लोक माना वळवून बघतात. दिसत नसतो. मग एवढी मोठी फौज तिथवर कशी येऊ शकली, हे आपोआप कळते. फ्रीमन टिल्डन नावाच्या लेखकाने १९५७ साली या कामावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की पाहुण्याला माहिती पुरवणे हे या माणसाचे खरे काम नव्हे, त्याच्या मनात कुतूहल चेतवणे हे खरे काम. मुलांसाठी तिथे एक छोटी वही मिळते. रानात फिरून तिच्यातले प्रश्न सोडवायचे, चित्रे काढायची, मग रेंजर त्या मुलाकडून हात वर करून शपथ घेववतो आणि छातीवर बिल्ला लावतो.

या रणांगणांत सर्वांत प्रसिद्ध पेन्सिल्व्हेनियातले गेटिसबर्ग. १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धातली लढाई झाली. मेलेले, जखमी झालेले आणि बेपत्ता मिळून पन्नास हजारांहून जास्त माणसे. गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार. तिथे वाटाडे म्हणून काम करायचे तर १९१५ पासून परवाना लागतो, आणि त्यासाठीची परीक्षा अवघड म्हणून नावाजलेली आहे. पण मला त्या परीक्षेपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या तिथे सांगितल्या जाणाऱ्या दोन माणसांच्या गोष्टी. दोघांपैकी कोणीही शिपाई नव्हते.

एक जेनी वेड. वीस वर्षांची मुलगी. बाळंतीण बहिणीच्या घरी होती आणि शिपायांसाठी पाव करायला पीठ मळत होती. दोन दारे भेदून गोळी आली आणि ती जागीच गेली. तीन दिवसांच्या त्या गोळीबारात थेट मारली गेलेली गावातली ती एकटीच.

दुसरा अब्राहम ब्रायन. काळा माणूस, गुलाम नव्हे, स्वतःच्या बारा एकरांचा मालक. लढाईची मुख्य फळी त्याच्या शेतातूनच गेली. दक्षिणेची फौज काळ्या माणसांना धरून गुलामीत नेत होती, म्हणून तो बायकापोरांसह आधीच पळून गेला होता. परत आला तेव्हा घर गोळ्यांनी चाळणी झालेले, कुंपण गेलेले, पीक तुडवलेले. त्याने सरकारकडे हजार डॉलरच्या वर भरपाई मागितली. मिळाले पंधरा. त्याचे घर आता दुरुस्त करून जागेवर ठेवले आहे आणि रेंजर लोकांना तिथे उभे करून हे सांगतात.

आष्टीचा विचार करताना मला हा ब्रायन सारखा आठवतो. फेब्रुवारीचे दिवस म्हणजे आपल्याकडे ज्वारी काढणीचे. हजारो घोडी, हत्ती, उंट, बैलगाड्या, बाजारबुणगे एवढा लवाजमा शिवारात शिरला, तर उभ्या पिकाचे आणि कडब्याच्या गंजीचे काय झाले असेल, हे मोहोळच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. घोड्यांना वैरण लागते आणि ती कोणीतरी पिकवलेली असते.

अमेरिकेतही ही समज एका दिवसात आली नाही. मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाचे रणांगण आहे. २५ आणि २६ जून १८७६ ला तिथे लकोटा आणि शायान या मूळ रहिवासी जमातींनी कस्टर नावाच्या सेनाधिकाऱ्याची तुकडी कापून काढली. लढाई जिंकली जमातींनी, पण शंभरेक वर्षे त्या जागेला नाव होते कस्टरचे. शिपाई जिथे पडले तिथे पांढरे दगड होते, जमातींचे वीर जिथे पडले तिथे काहीच नव्हते. १९९१ साली कायदा करून नाव बदलले. १९९९ पासून जमातींच्या माणसांसाठी लाल दगड बसू लागले. २००३ साली त्यांचे स्मारक उभे राहिले. आज त्या भूमीवरच्या क्रो जमातीची तरुण मुलेमुलीही पाहुण्यांना फिरवतात. यात एक गंमत अशी की क्रो जमातीची माणसे त्या लढाईत कस्टरच्या बाजूने वाटाडे होती. म्हणजे ‘गोरे विरुद्ध मूळचे लोक’ अशी सरळ रेघ तिथेही ओढता येत नाही.

आपल्या देशात या प्रकाराला जवळची जागा म्हणजे द्रासचे कारगील युद्धस्मारक. तिथे गणवेशातला जवान पाहुण्यांना एकत्र करून समोरच्या शिखरांकडे हात करत १९९९ ची लढाई सांगतो. टोलोलिंग त्या बोटाच्या टोकाला दिसत असते. तिथे जाऊन आलेली माणसे स्मारकाच्या इमारतीपेक्षा त्या सांगण्याबद्दलच जास्त बोलतात. २०२५ च्या जानेवारीत सरकारने ‘भारत रणभूमी दर्शन’ नावाचा उपक्रमही सुरू केला, सीमेवरची युद्धक्षेत्रे लोकांना पाहता यावीत म्हणून. चांगलेच झाले. पण सीमेवरच्या लढाईत शत्रू कोण हे ठरलेले असते, सांगणाऱ्याला त्याची अडचण नसते. आष्टीसारख्या गावातली लढाई सांगणे जास्त नाजूक. इथे दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती.

आणि नेमका हाच भाग आपल्या घरांत महत्त्वाचा आहे. माझ्या भाच्याने पाचवीत असताना जेवता जेवता विचारले होते, ‘मामू, लढाईत आपण कुठल्या बाजूला होतो?’ इतिहासाच्या तासाला वर्गातली चार डोकी वळून त्याच्याकडे बघत, त्यावरून त्याने स्वतःपुरते उत्तर काढलेही होते. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुसलमान मुलांच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आपण काय करतो? कोणी म्हणते, ‘गप जेव.’ कोणी इब्राहिमखान गारद्याचे नाव सांगते. तेही खरेच आहे. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांची कवायती पलटण आणि तोफा इब्राहिमखानाच्या हाताखाली होत्या. तो शेवटपर्यंत लढला, जखमी होऊन धरला गेला आणि मारला गेला. पण नुसत्या नावांच्या याद्या पाठ करून मुलाची शंका जात नाही. वर्गात एकाने अफझलखान म्हणायचे आणि आपल्या मुलाने गारदी म्हणायचे, ही गोट्यांची अदलाबदल झाली. सभेतल्या भाषणांत ती चालते, मुलाला तिने काही कळत नाही.

रानात उभे राहून पाहिले की उत्तर वेगळे मिळते. आष्टीला इंग्रजांच्या बाजूने जे घोडदळ धावून आले त्यात गोऱ्या स्वारांबरोबर मद्रासच्या देशी पलटणी होत्या, आणि त्या काळी मद्रासच्या देशी घोडदळात मुसलमान स्वारांची संख्या मोठी असे. म्हणजे बापू गोखल्यांवर चालून गेलेल्यांत मुसलमान होते, हे सांगावे लागेल. पुढे मे महिन्यात सोलापूरला काय झाले, तेही त्याच दमात सांगावे लागेल. पेशव्याच्या तोफखान्याचा प्रमुख गणपतराव पानसे सोलापूरच्या किल्ल्याजवळ उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायदळात अरब शिपाई मोठ्या संख्येने होते. जनरल मन्रोच्या फौजेने १० मे १८१८ ला पेठेवर हल्ला केला. पानसे जखमी झाला, माघार घेणाऱ्यांची रात्री मोठी कत्तल झाली आणि १५ मे रोजी किल्ला पडला. तीन महिन्यांत, दोन दिवसांच्या वाटेवर, आपले लोक या बाजूलाही होते आणि त्या बाजूलाही. तसेच हिंदूही. पगार, वतन, मालकाचे मीठ, गावाकडचे कर्ज, यांनी माणसाची बाजू ठरत होती. भाच्याला मी नंतर हे सांगितले तेव्हा तो थोडा हिरमुसला, कारण त्याला एकच बाजू हवी होती. मग म्हणाला, ‘मग घोड्यांना पाणी कोण पाजायचे?’ हा प्रश्न त्या आधीच्या प्रश्नापेक्षा बरा होता.

तेव्हा रेंजर येईल तेव्हा येईल. तोवर एखाद्या सुट्टीच्या दिवशी दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक गाडी करावी आणि मोहोळहून निघावे. पहिला मुक्काम आष्टी. ऊन चढायच्या आत पोचावे, कारण लढाईही सकाळचीच आहे. रान कोणाच्या तरी मालकीचे आहे, म्हणून आधी विचारून मग पाय ठेवावा. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सलाम करून, नमस्कार करून बसते करावे. शिवारातल्या जागांची नावे विचारावीत. माळ, ओढा, पाणंद यांना गावात जी जुनी नावे असतात, त्यांत पुष्कळदा कागदावर नसलेली गोष्ट लपलेली असते. मुलांकडे एक वही द्यावी. डाव्या पानावर पुस्तकात वाचलेले, उजव्या पानावर गावात ऐकलेले. दोन्ही जुळत नसले तर जुळवू नये, तसेच राहू द्यावे. आजचा तलाव इंग्रजी अमलातला आहे, लढाईच्या वेळी तो नव्हता, हे मुलांना आधी सांगावे, नाहीतर ती बापू गोखल्यांना तलावाच्या काठाने पळवतील. मग एकाने पेशवा व्हायचे, एकाने स्मिथ, एकाने गोखले आणि एकाने ज्याची ज्वारी तुडवली गेली तो शेतकरी. शेतकऱ्याचे काम करायला सुरुवातीला कोणी तयार होत नाही. शेवटी त्यालाच सगळ्यात जास्त बोलायचे असते.

तिथून मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी माचणूर. जेवण इथे करावे, नदीकाठी सावली चांगली आहे. इथे ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे होती आणि तिला इस्लामपुरी असे नाव दिले होते. औरंगजेबाविषयी घरात काय बोलायचे, हा आज प्रत्येक मुसलमान आईबापापुढचा अवघड प्रश्न आहे. माझे मत असे की त्याची वकिली करायची जबाबदारी आपल्यावर कोणी टाकलेली नाही, ती आपणही अंगावर घेऊ नये. मुलांना जागा दाखवावी. दिल्लीहून निघालेला सत्तरी ओलांडलेला बादशहा, कापडाच्या तंबूंचे अख्खे शहर, वर्षानुवर्षे न संपणारी लढाई. पुढे १७०० च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यात, सांगोल्याकडच्या खवासपूरला, माण नदीला रात्री पूर आला आणि छावणी वाहून गेली. धावपळीत म्हाताऱ्याचा गुडघा निखळला आणि तो उरलेले आयुष्य लंगडत चालला. माणच्या कोरड्या पात्राकडे पाहून हे खरे वाटत नाही, पण पाऊस झाला की ती नदी काय करते हे सांगोलेकरांना ठाऊक आहे.

शेवटचा मुक्काम सोलापूरचा भुईकोट. इथे मुलींना चांदबिबीची गोष्ट सांगावी, आणि नुसती तलवारीची सांगू नये. हा किल्ला अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात कित्येक वर्षे भांडणाचे मूळ होता. दोन्ही घराणी मुसलमान, आणि सोलापूरसाठी दोघांनी एकमेकांची माणसे मारली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी दोघांत समेट झाला तेव्हा हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण दिला. तीच मुलगी विधवा होऊन माहेरी परतली आणि १५९५-९६ साली मोगल शहजादा मुरादच्या वेढ्यात नगरचा किल्ला तिने राखला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा रातोरात तो बुजवून घेतला. १६०० साली तिच्याच लोकांनी तिला मारले. एका पोरीच्या लग्नात किल्ला दिला जातो, यावर आपल्या मुली काय म्हणतात ते ऐकण्यासारखे असते.

हे सगळे आईबापांनीच करायचे का, असे कोणी विचारील. नाही. मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर या पट्ट्यात इतिहास घेऊन पदवीधर झालेली, मराठी, उर्दू आणि हिंदी तिन्ही बोलणारी कितीतरी मुलेमुली घरी बसून आहेत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा पर्यटक सुविधाकारांसाठीचा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. पंढरीच्या वाटेवर वर्षभर माणूस चालत असतो, त्यातल्या शंभरात एक जण जरी तासभर आष्टीला थांबला तरी सांगणाऱ्याला काम मिळेल. जिल्हा परिषदेच्या मराठी आणि उर्दू शाळांनी वर्षातली एक सहल एकत्र काढून इथे आणली तर फारसा खर्चही नाही. दोन शाळांची मुले एकाच शिवारात पेशवा, स्मिथ आणि शेतकरी झाली, तर कोण कुठल्या बाजूला हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागेल.

आता दिवसाचे. नेमकी तारीख २० फेब्रुवारी, पण सध्या फेब्रुवारीत रमजान येतो आणि रोजात मुलांना उन्हात हिंडवणे बरे नव्हे. म्हणून जानेवारीतला रविवार धरावा. पहाटे थंडी असते, जमीन भेगाळलेली असते म्हणून बूट घालावेत, पाण्याच्या बाटल्या माणशी दोन. ज्वारी त्या वेळी हुरड्यावर असते, आणि विचारून रानात गेलेल्या पाहुण्याला आष्टीकडचा शेतकरी हुरडा खाल्ल्याशिवाय सहसा सोडत नाही.